यादीतून गेलेलं अठरावं घर

८ फेब्रु., रविवार
डिलाईल रोडला आमच्या गावच्या मंडळाच्या खोलीत गावकीची सभा. शिमग्याला पालखी कुठल्या क्रमाने कुणाच्या घरी जाणार, ती यादी वाचली. अठराव्या नंबरला शेवंतीवहिनीचं घर असतं. यंदा तिथे दुसऱ्याचं नाव. वहिनीचं नाव पुढेमागे कुठेच नाही.
सगळे माझ्याकडे वळले. यादी मंडळाच्या कॉम्प्युटरवर, आणि कॉम्प्युटर तीन वर्षं माझ्या ताब्यात. मागून कुणीतरी बोललं, "काय दाजी, विधवा बाईला वाळीत टाकलंस काय?"
मी सखारामकडे पाहिलं. तो अध्यक्ष. गिरणीत एका खात्यात, एका पाळीत होतो. मला वाटलं, हा तरी म्हणेल, दाजी असं करणार नाही. तो म्हणाला, "यादी दाजीकडे असते. मला त्या डब्यातलं काय कळतंय?"
घरी आलो. जेवण गेलं नाही.

९ फेब्रु.
सकाळीच गावाहून वहिनीचा फोन.
"भावजी, माझं काय चुकलं?"
मी म्हटलं, मी नाव काढलं नाही.
"मग कोणी काढलं?"
तीस वर्षं देवीची ओटी भरतेय म्हणाली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.
बी.पी.ची गोळी दोनदा घेतली की एकदाच, आठवत नाही.

१० फेब्रु.
खोलीवर जाऊन कॉम्प्युटर लावला. यादी उघडली. मागच्या वर्षी छापलेली यादी शेजारी ठेवून बोट लावून एकेक नाव पडताळलं. बाकी सगळी घरं त्याच क्रमाने. एकच गेलंय.
माझ्या हातून चुकून गेलं असेल? डोळ्यात मोतीबिंदू आहे. माऊस हलतो. पण प्रोग्राम नाव काढताना दोनदा विचारतो. मी दोनदा होय म्हटलं असेल, हे मन घेत नाही. रात्री पुन्हा वाटलं, म्हटलं असेल तर?

१२ फेब्रु.
ज्या बाईने प्रोग्राम दिला, रेश्मा, तिला फोन केला. चांगली मुलगी. घाई करत नाही.
"काका, डावीकडे फायरवॉल लिहिलंय बघा. तिथे जा."
गेलो. तिने समजावलं ते असं. बाहेरचा कॉम्प्युटर आत येऊ नये म्हणून आपल्या कॉम्प्युटरला भिंत असते. ती उघडायला वेगळीकडे जावं लागत नाही, आपल्या प्रोग्राममधूनच उघडते, बंद होते. तिथे दोन चौकोन. एक, फक्त हा कॉम्प्युटर. दुसरा, याच वायफायवरचे इतर.
"दुसऱ्यात खूण आहे का?"
आहे.
"मग वायफायचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे तो यादी उघडू शकतो, काका. बदलूही शकतो. ही खूण कोणी केली?"
मी म्हटलं, बघून सांगतो. लाज वाटली.
मीच केली.

१३ फेब्रु.
काल पुढचं लिहवलं नाही, आज लिहितो.
दिवाळीनंतरची गोष्ट. सखाराम खोलीवर आला होता. म्हणाला, "दाजी, मला खाली घरातनं यादी बघता येईल असं कर ना. पायऱ्या चढवत नाय आता." त्याची खोली त्याच चाळीत तळमजल्याला, मंडळाचंच वायफाय वापरतो. खूण त्यानेच दाखवली. कॉम्प्युटरने विचारलं, परवानगी द्यायची का, यात धोका असू शकतो. मी थांबलो. स. हसला. "गावकीच्या खोलीला कधी कडी लावलीय काय आपण?"
खरं आहे. नाही लावली. गावाहून कोण कुठल्या वेळी उतरेल सांगता येत नाही, दार नुसतं लोटलेलं असतं. माझ्या आधीच्यांनी तेच केलं, मी तेच केलं. मला वाटलं, यादीही गावकीचीच. होय दाबलं.
डब्यातलं काही कळत नाही म्हणाला सभेत. खूण कुठे करायची ते मात्र कळत होतं.

१४ फेब्रु.
रेश्माचा फोन. त्याच पानावर खाली "आत आलेले" म्हणून आहे ते बघा म्हणाली. पाहिलं. तारीख, वेळ, कॉम्प्युटरचं नाव. इंग्रजी अक्षरं एकेक जुळवून वाचली. २६ जानेवारी, दुपार. शिल्पा-पीसी. पुढे लिहिलेलं, एक नोंद काढली.
शिल्पा म्हणजे स.ची मुलगी. ती तर दोन वर्षं नवऱ्याकडे बंगलोरला. तिचा जुना कॉम्प्युटर खाली स.च्या टेबलावर आहे. मीच त्याच्यावर पत्ते खेळलोय.
२६ला झेंडावंदनानंतर आम्ही दोघांनी एकत्र जिलेबी खाल्ली. तो म्हणाला, जरा पडतो. मी म्हटलं, पड.

१५ फेब्रु.
खाली गेलो. त्याने पाट सरकवला, पाणी दिलं.
मी विचारलं, वहिनीचं घर तू काढलंस?
नाही म्हणाला नाही. हे मला जास्त लागलं. म्हणाला, "गणपतीत तिच्याकडे वाट मागितली. माझ्या गावच्या नव्या घराला गाडी जात नाय. दोन हात जागा. तिने दिली? एक वर्ष पालखी नाय गेली तर समजेल तिला."
"आणि सभेत माझं नाव?"
"अरे, तुला कोण काय करतंय. म्हातारा माणूस, चुकला म्हणतील. दोन दिवसांत विसरतील."
"वहिनीने मला विचारलं रे, काय चुकलं म्हणून."
"मग सांग चुकून गेलं. तूच होय दाबलंस ना?"
मी उठलो. चपला उलट्या घातल्या, जिन्यात कळलं.

१७ फेब्रु.
खूण काढली. दुसरा चौकोन रिकामा. वहिनीचं नाव अठराव्या जागी पुन्हा लिहिलं. पण गावाला गेलेली यादी वहिनीच्या नावाशिवायचीच आहे. रविवारी सभेत ठराव झाल्याशिवाय गावचे मानकरी नवी धरणार नाहीत.
संध्याकाळी स.चा फोन. "दाजी, माझ्याकडे यादी उघडत नाय. बघ ना काय झालंय." जसं काही झालंच नाही.
मी म्हटलं, बघतो. मी असा का आहे?

२१ फेब्रु.
रेश्माने सांगितलं तसं "आत आलेले"चं पान छापलं. एकच कागद. दिवसभर चार वेळा काढून पाहिला. दाखवला तर स. गावात तोंड दाखवू शकणार नाही. नाही दाखवला तर मी. आणि वहिनीच्या अंगणात पालखी नाहीच.
जीव थाऱ्यावर नाही.

२२ फेब्रु., रविवार
सभा झाली. मी उभा राहिलो. म्हटलं, फायरवॉल मी उघडली, होय मी दाबलं, ती चूक माझी. नाव मी काढलं नाही. या कागदावर आहे कोणी काढलं.
आमच्यात कागद वाचायचा तो अध्यक्षाने. पहिल्यापासून तसंच. मी कागद स.च्या हातात दिला. त्याने चष्मा लावून वाचला. तारीख वाचली. वेळ वाचली. एक नोंद काढली, हेही वाचलं. मधलं वाचलं नाही.
मी म्हटलं, "एक शब्द राहिला, सखाराम."
"कुठला?"
"वेळेच्या पुढचा."
तो कागदाकडे बघत राहिला. मग कागद घडी करून खिशात घातला. "इंग्रजी आहे. नीट लागत नाय." खोलीत तीनचार पोरंपोरी कॉलेज शिकलेली. एकानेही हात पुढे केला नाही. अध्यक्षाच्या खिशात कोण हात घालणार?
ठरलं एवढंच की उद्या संध्याकाळपर्यंत मी गावाला पक्की यादी पाठवायची. अठरावं घर धरायचं की नाही, त्याचा ठराव मात्र कुणी मांडला नाही. सगळे उठले.
वहिनीला काय कळवू? विचारेल ती.

२३ फेब्रु., सोमवार
सकाळी खोलीवर. ते पान अजून तसंच आहे, तारीख, वेळ, शिल्पा-पीसी. पुन्हा छापायला एक बटण.
दोन्ही याद्या समोर ठेवल्यात. वहिनीसकट बेचाळीस घरांची आणि एक्केचाळीसची. संध्याकाळपर्यंत यातली एक पाठवायची.
खालून स. हाक मारतोय, दाजी, चहा टाकलाय, ये. आवाज नेहमीसारखाच. तिसऱ्यांदा मारतोय.