चौथा शॉट

७ नोव्हेंबर १९८३

मी कृष्णकांत महादेवराव उमाठे, बी.कॉम., वय चोपन्न, वाडी येथील एका वाहतूक कंपनीत मुख्य हिशेबनीस. माझा एकुलता एक मुलगा रविंद्र ऑगस्टमध्ये अमरावती रस्त्यावरील अपघातात गेला. कॉलेजच्या चित्रपट-वर्गासाठी तो एका रहस्यपटाची सुरुवात चित्रित करीत होता. त्यात कामही त्याचेच. तीन शॉट झाले, चौथा राहिला. तो मी पुरा करणार. हेतू एवढाच.

नाही — एवढाच नाही. त्यातला मनुष्य घराबाहेर पडून कोठे जातो, हे मला कळले पाहिजे. विचारले होते. रविंद्र हसला — "थांबा ना बाबा, आत्ताच सांगतलं तं मजा काय राह्यली!"

११ नोव्हेंबर

वर्गास बसलो. केशव सर वयाने माझ्या निम्मे. म्हणाले, "दाराबाहेरची सावली आमाले दिसू द्या, त्याले नको." म्हणजे प्रेक्षकाला अधिक ठाऊक, पात्राला कमी, भीती या तफावतीतून उत्पन्न होते. चेहरा लपवून नुसते पाय दाखवणे, हीही त्यातलीच रीत.

मागच्या बाकावरून कोणी तरी — "काका व्हिलन बनून राहिले का बे?" हशा. मीही हसलो. ते हसू घरापर्यंत पुरले नाही.

१४ नोव्हेंबर

कॅमेरा उत्तराचा. ती रविंद्रच्याच वर्गातली. विचारले : गोष्टीत पुढे काय होते? खाली पाहत म्हणाली, "आधी शॉट होऊ द्या, काका." मग तिने चौथा शॉट सांगितला — "उंबरठा. नुसते पाय. येतो. कट." ती काटोलला मामाकडे जाणार, कॅमेरा ठेवून गेली.

२० नोव्हेंबर, रविवार

स्टुलावर कॅमेरा बसवून चालू केला. रविंद्रच्या चपला मला नेमक्या बसतात. ओसरीवरून चालत आलो, उंबरठा ओलांडला.

माझी पत्नी चारुशीला स्वयंपाकघरातून धावत आली — कणकेचे हात तसेच. चपलांची करकर ओळखली होती तिने! मला पाहिले आणि जागच्या जागी बसली.

"काहून घातल्या तुम्ही त्या?"

चपला काढून जागेवर ठेवल्या.

२१ नोव्हेंबर

माझे ताट वाढून ठेवून आत निघून गेली.

९ डिसेंबर

रीळ मुंबईहून धुऊन आले. वर्गात जोडून पाहिले. रविंद्र खिडकी लावतो, किल्ली उचलतो, दाराकडे वळतो. मग उंबरठ्यावर पाय — आत येणारे.

"काका, हा तं वापस येऊन राहिला!" — केशव सर.

मी म्हणालो, उत्तराने "येतो" असेच सांगितले होते. ती म्हणाली, "काका, निघताना आपण जातो म्हणतो का? तो आईले ‘येतो’ म्हणते अन् बाहेर पडते!"

रोज सकाळी "येतो" म्हणूनच घर सोडणाऱ्या माणसाची ही चूक! शॉट पुन्हा घ्यावा, असे ठरले.

११ डिसेंबर, रविवार

उत्तराने प्रोजेक्टर घरी आणून रीळ भिंतीवर दाखवले. चारुशीला आजवर पाहण्यास नाही म्हणत होती. आज दारात उभी राहिली. पाय आत आले.

"परत लाव वं."

लावले.

"आला," ती म्हणाली.

हा शॉट चुकीचा आहे, नव्याने घ्यावयाचा आहे, असे मी समजावू लागलो.

"हात नका लावू त्याले!" एवढा चढा आवाज सबंध संसारात ऐकला नव्हता. मग हळूच, "अन् मंग? घरात आल्यावर काय करते तो?"

उत्तराने माझ्याकडे पाहिले.

१२ डिसेंबर

उत्तरा फाटकापाशी रडली. "पुढचं काही नव्हतंच, काका. सरांनी नुसती सुरुवात मागतली होती. पुढची गोष्ट कोणाजवळच नाही."

चारुशीलेला सांगितले — रविंद्र मला म्हणाला होता. तो आत येतो, हातपाय धुतो आणि जेवायला बसतो.

कृष्णकांत महादेवराव उमाठे
महाल, नागपूर
१२ डिसेंबर १९८३