जोतीरामदाजींची पाठ

सोलापूर
ता. ९ फेब्रुवारी १९३४

ती. वच्छलाअक्कास,

ज्ञानबाचा दंडवत. मी बरा आहे. नातेपुत्याहून आलो तो इथल्या गिरणीत टिकलोय, म्हणजे अजून तरी. हे पत्र माझ्यासंगं गिरणीत काम करणारा सोमलिंग सायकलवरून आणतोय, तोच वाचून दाखवील. त्याला आधी पाणी दे.

तुझा निरोप पोचला. दाजी कडब्याच्या गंजीवरून पाठीवर पडले, तर "तू पायाळू, ये आन् पाठीला लाथ लाव." अक्का, कुणाचीच लाथ लावायची नाही! मी पायांकडून जन्मलो म्हणून उसण भरली की गाव माझी लाथ खातं, खुशाल खावं. हे पडणं आहे.

गिरणीत डॉक्टर आम्हाला अपघाताचे प्रथमोपचार शिकवतात. तिकोनी पट्टी दिली, मी पहिल्याच दिवशी डोक्याला फेटा बांधला, लई शिव्या खाल्ल्या. असो. सोमलिंगला जखमी म्हणून निजवतात. एकानं डोकं धरायचं, बाकीच्यांनी एका दमात उचलायचं, अंग कुठंच वाकू द्यायचं नाही. मी घाईनं खांदा आधी उचलला, तर डॉक्टर ओरडले, "मारलास की रे त्याला!" सोमलिंग पडल्यापडल्या म्हणतो, "मेलो तर मेलो, चहा तरी पाजा." सगळे हसले. आज मला हसू येत नाही.

स्ट्रेचर मागितलं, तर मॅनेजर म्हणतात, गिरणीबाहेर जाणार नाही. मग शिकवता कशाला? शेवटी दाजींना निजवून आणायला माझ्या खोलीचं दार बिजागरीतून काढलं. घरमालकीण गुरम्मा ओरडतेय, "कुत्री शिरतील की आत!" शिरू देत. मोटारवाला आत्ता हो म्हणतो, आत्ता नाही. उद्या दुपारपर्यंत पोचतोच.

तोवर दाजींना बसवू नका, चोळू नका, कूस बदलू नका. घोंगड्यांच्या वळकट्या दोन्ही अंगांना लावा. डोकं सोमलिंग धरील. तुझ्या सासूबाई दुसरा पायाळू शोधून आणतील. त्यांच्या पाया पड, पण त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नको. मी भ्यालो म्हणाल्या, तर म्हणू दे.

निरोप्यानं जाता जाता सांगितलं, दाजींना पायाला चिमटा काढलेला कळत नाही. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "मणका दुखावला असेल, अजिबात वाकवू नका, सरळ दवाखान्यात आणा."

दाजी चालतील का, हे मला विचारू नको, अक्का. आम्हाला दवाखान्याच्या पायरीपर्यंतच शिकवलंय.

तिथवर त्यांना न वाकवता आणणारा,
तुझा ज्ञानबा