सगळे बटाटेच की

योवाना,

कुस्कोच्या त्या डॉक्टरने माझी स्मरणशक्ती तपासली. म्हणाला, "आजी, मिनिटभरात आठवतील तेवढ्या भाज्या सांगा." मी आपल्या शेतातल्या बटाट्याच्या एकवीस जाती नावानिशी सांगितल्या. त्याने गुण दिला एक. "सगळे बटाटेच की," म्हणे. आणि माझ्या हाताखाली ते सगळे सोलत आलेली तू? मिठाची गुळणी धरून बसलीस.

बाविसाव्यापाशी मात्र मी अडले. तोच, गाठीगाठींचा, लग्नाच्या दिवशी तुझी परीक्षा बघायला सोलायला दिलेला. आज चूल पेटवताना त्याचं नाव आठवलं: सुनेला रडवणारा.

तेव्हा तू टिपूसही गाळलं नव्हतंस. मग मी अडले तेव्हा का गं रडलीस?

हे पत्र चुलीतच जाईल.

तुझी सासू,
सातुर्निना