डाव्या पायाचा बूट

३ सप्टेंबर १८८१
देवाच्या दयेने लग्न होऊन आज नव्या घरी आले. कॉर्नवॉलच्या कड्यावरचं हे घर माझ्या यजमानांनी, जेबेझ पेनरो यांनी, स्वतः बांधलं. गवंड्याचे ठेकेदार झाले, तरी हातांवर चुन्याचे वण आहेतच. टोकदार मनोरा, समुद्राकडे पोट काढलेल्या खिडक्या, नोकरमाणसं नजरेला पडू नयेत म्हणून भिंतीआडून नेलेला जिना. सगळं ऐटीत आहे. दिवाणखान्यातलं धुराडं मात्र पटलं नाही. भिंत हातभर पुढे आलेली आणि शेगडी एवढीशी. कोळसा खाते, ऊब देत नाही.

दाराशी काचेच्या पेटीत त्यांच्या पहिल्या बायकोचा, लव्हडेचा, उजव्या पायाचा बूट आहे. ती समुद्रात बुडाली, वाळूत एवढंच सापडलं. मी धूळ पुसली आणि एक स्तोत्र म्हटलं.

१० सप्टेंबर
यजमान परगावी. धूर कोंडतो म्हणून शेगडीवरची सैल वीट मीच काढली. आत बाईचा बूट! स्वयंपाकीण ग्रेस म्हणाली, गवंडी धुराड्यात बूट पुरतात, त्यात वाईटसाईट अडकून राहतं, मुकाट परत ठेवा. मी म्हटलं, या घराला प्रभूची राखण आहे, बुटाची नको. ती पुटपुटली, "पण बाईसाहेब, पुरतात तो झिजलेला, टाकाऊ. हा तर कोरा आहे."

घासूनपुसून ठेवला. डाव्या पायाचा आहे.

११ सप्टेंबर
पेटीतल्या बुटाला लावून पाहिला. जोडीचाच. मग ती एका पायात बूट न घालता समुद्रावर गेली कशी?

ग्रेस माझ्यासमोर पीठ मळत होती, तेव्हा मागच्या जिन्यात पावलं वाजली. जाऊन पाहिलं. पायऱ्यांवर अनवाणी पायांचे ठसे, चुन्याचे. खाली उतरणारे.

१४ सप्टेंबर
यजमान आले. चहा घेताना सरळ विचारलं. हसले. म्हणाले, गवंड्यांची खुळी समजूत. मग म्हणाले, वीट काढायला तुला कुणी सांगितलं होतं? ग्रेसला तिच्या बहिणीकडे पाठवून दिलं.

१५ सप्टेंबर
विटा आल्या. चुना आला. धुराडं स्वतःच्या हाताने नीट करणार म्हणतात. शेजारी भिंत अजून रुंद करणार —

माझा डावा बूट सापडत नाही.

दुपार
दाराला बाहेरून कुलूप. खिडक्यांना खिळे. मी पेटी फोडली. लव्हडेचे दोन्ही बूट शेगडीपुढे मांडलेत, तोंड दाराकडे करून.

सूड देवाचा, हेच शिकले आजवर. तर देवा, तिला तो उसना दे. लव्हडेताई, तुझी वस्तू तुला —

भिंतीत खरवडल्यासारखं —

कुलूप उघडतंय. "केझिया, ये गं, बघ किती जागा केलीय."

दारात उभे. एका हातात थापी. दुसऱ्यात माझा बूट.

शेगडीपुढे बूट नाहीत. ते त्यांच्या मागे आहेत. आणि बुटांच्या वर —