पाठकोऱ्या कागदांवरची सरकी

राळेगाव
मंगळवार, २२ नोव्हेंबर २०११

ती. आत्या,

नमस्कार. साष्टांग घालायचा होता, पण हे पत्र मी लॅबमध्ये बसून लिहिते आहे आणि इथली फरशी आताच फिनाईलने पुसली आहे, तेव्हा तो मनातल्या मनात पोचता करून घे. तुझे गुडघे कसे आहेत? (कुठला दुखतो, उजवा की डावा, हे तू तीन पत्रांत तीन प्रकारे लिहिलं आहेस.) स्पृहाची सहामाही बरी गेली असेल. सलीलच्या तब्येतीची चौकशी मुद्दाम करत नाही, कारण तुझ्या बारा तारखेच्या पत्राचा विषय तोच आहे. मी त्याच्याशी लग्नाला तयार आहे का, हो की नाही ते उलट टपाली कळव, म्हणजे मार्गशीर्षात साखरपुडा उरकता येईल, असं तू लिहिलंस. दहा दिवस झाले, उत्तर गेलं नाही. बाबांनी तुला फोनवर सांगितलं की मी कामात आहे. ते खरं आहे, पण पुरतं नाही. उशीर का झाला ते आधी सांगते, उत्तर शेवटी लिहीन. आजवर तुला 'तू' म्हणत आले आहे; होणाऱ्या सासूला 'तुम्ही' म्हणावं का, याचा निर्णयही तोवर राखून ठेवते.

आधी एक कबुली. स्पृहा ज्या काळ्या कव्हरच्या जाड इंग्रजी कादंबऱ्या पांघरुणात शिरून वाचते, त्यांत बर्फाळ गावातली रक्त पिणारी देखणी पोरं असतात आणि त्यांच्याशी लढणारी एक मुलगी असते. मागच्या वर्षीच्या दिवाळीत ती मला म्हणाली, ताई, अशी मुलगी आपल्या यवतमाळची काहून नसते. उत्तर म्हणून मी लिहायला घेतलं. (तिला दर पंधरा दिवसांनी येणारं जाड पाकीट 'जीवशास्त्राच्या नोट्स' नव्हतं.) गोष्ट सन २१११ मधली आहे. जिल्ह्यावर धुळीचा ढग कायमचा बसला आहे, ऊन पडत नाही, आणि दिवसाढवळ्या हिंडू लागलेल्या रक्त पिणाऱ्यांनी कापसाची जिनिंग गिरणी ताब्यात घेतली आहे. माणसांना वजनकाट्यावर उभं करतात, बोट टोचतात, कापसासारखी प्रत लावतात. वेचणी संपल्यावरही पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उभी ठेवून फरदड घेतात तसं ज्यांचं रक्त पुन्हा पुन्हा काढतात, त्यांचं नावच 'फरदड'. यांच्याविरुद्ध उठते ती सोळा वर्षांची मुलगी, सरकी. हे पिणारे पांढरे कोट घालतात. ते मला सहज सुचलं, कारण लिहिताना मी तोच घालून बसले होते.

मी पक्की प्रत चांगल्या कागदावर करते, पण कच्चा खर्डा पाठकोऱ्या कागदांवर. मागच्या वर्षीच्या सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या, शिबिराच्या छापील सूचना शिल्लक होत्या; एका बाजूला 'सर्व ग्रामस्थांनी रक्ततपासणीस उपस्थित राहावे', तारखेची जागा रिकामी, मागची बाजू कोरी. मी चौतीस पानं लिहिली, उजव्या कोपऱ्यात पानांचे आकडे टाकले आणि गठ्ठा टेबलाच्या खणात छापील बाजू वर करून ठेवला. इतपत सावधगिरी पुरेल असं वाटलं होतं. आमचे शिपाई नागोराव यांना खैरखेड्याच्या शिबिराच्या सूचना वाटायच्या होत्या. त्यांनी खण उघडला, तारखेच्या जागी 'बुधवार ता. १६' भरलं, चौतीस कागद घेतले, एसटीने गेले आणि घरटी एक याप्रमाणे चौतीस घरांत माझी कादंबरी वाटून आले. (नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, "म्या तं छापील बाजू पाहून वाटले मॅडम. मांगं पाहाचं माह्या ड्युटीत नाही." यात चूक काढता येत नाही.)

दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात कोणी कागद उलटून पाहिला नसता. पण गेल्या पाच-सात वर्षांत इथल्या माणसांना इतके कागद मिळाले आहेत, बियाण्याचे, विम्याचे, मदतीचे, की ते आता मागची बाजू आधी वाचतात. खैरखेड्यात प्रत्येक घराला शिबिराचं निमंत्रण मिळालं आणि मागे बारीक अक्षरात अटी. एका घराच्या अटीत लिहिलं होतं की पांढरा कोटवाला आधी एकच थेंब मागेल. शेजारच्या घराच्या अटीत लिहिलं होतं की एका थेंबावर कधीच भागत नाही.

मी बुधवारी दहा वाजता तिथे उतरले, एका हातात खोका, मागे माझी बॅग घेतलेले नागोराव. वेचणीचे दिवस, गाव रिकामं असणार हे धरून चालले होते. पण ते रिकामं नव्हतं. सगळे घरी होते आणि दारं बंद होती. सात-आठ दारांवर लसणाच्या माळा होत्या. (पान चौदावर मी स्पष्ट लिहिलं आहे की लसणाचा उपयोग होत नाही, पण पान चौदा एकाच घरी गेलं होतं.) मला अजून काही उमगलं नव्हतं. मी लसूण बघून त्याच्या बाजारभावाचा विचार केला. मग शाळेच्या फाटकाशी एका मुलीने कटिंगच्या दुकानातला मोठा आरसा माझ्यासमोर धरला, आणि मी त्यात स्वतःला पाहिलं, आणि मला पान नऊ आठवलं.

आत्या, पुढे काय होणार हे आधीच माहीत असलेली भीती वेगळी असते. बाकी कोणाला कळत नसतं, आपल्याला पान क्रमांकासकट कळतं. मी आरशात दिसत होते, म्हणजे सुटायला हवं होतं. पण आरसेवाली म्हणाली, "दिसते तं सही. पण पान एकोणीस वाच ना, नवे वाले दिसतात." ती पळवाट मीच बुजवली होती, ऑगस्टमध्ये, आणि त्या दिवशी स्वतःवर खूश होऊन दुसरा चहा घेतला होता.

या मुलीचं नाव प्रेरणा, इयत्ता अकरावी. दोन दिवसांत तिने घरोघर फिरून चौतीसच्या चौतीस पानं जमवली होती, क्रमाने लावली होती आणि देवळाच्या ओट्यावर सगळ्या मुलींना वाचून दाखवली होती. आता शाळेच्या गच्चीवर अकरा मुली हातात विळे घेऊन बसल्या होत्या. पान एकवीस. मी मागे पाहिलं. नागोराव एसटीच्या थांब्याकडे चालले होते, धावत नव्हते, पण रमतगमतही नव्हते. फोन काढला. खैरखेड्यात रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर येते. पान बावीसवर सरकी डॉक्टरला काट्याच्या खोलीत कोंडते. इथे काटा नव्हता, तेव्हा त्यांनी मला शाळेमागच्या खोलीत कोंडलं. तिथे पुंडलिकरावांनी, म्हणजे गावातल्या जुन्या-जाणत्या शेतकऱ्यांनी, भाव वाढेल म्हणून कापूस भरून ठेवला होता, खिडकीपर्यंत.

मी तिथे चाळीस मिनिटं होते. नाडी मोजली, एकशे अठरा. पान अठ्ठावीसवर जे पिणारे परीक्षेत नापास होतात त्यांना कापसाच्या गाठीत दाबतात. ते दृश्य लिहिताना मला लांबी-रुंदी नीट कळावी म्हणून मी कापूस दाबण्याच्या एका प्रेसवर जाऊन गाठ मोजून आले होते. अंधारात, छातीपर्यंत कापसात, ती सगळी मापं आठवत होती. बाहेर माणसांचे आवाज वाढत होते, त्यात आता पुरुषही होते. मला भीती वाटली. हे वाक्य मी याआधी कुठल्या पत्रात लिहिल्याचं आठवत नाही. शिवाय जुन्या कापसात किडे होतात. दार उघडलं तोवर माझ्या दोन्ही हातांवर लाल गांध्या उठल्या होत्या, आणि त्याही पुरावा म्हणून पाहिल्या गेल्या.

मी समजावू लागले. ही गोष्ट आहे, मी लिहिली आहे, मनाने. पुंडलिकराव शांतपणे म्हणाले, "बाई, बियाण्याच्या पिशवीच्या मांगं बी असंच बारीक लिहेल होतं. तवा नाही वाचलं. आता वाचून राह्यलो." 

मग प्रेरणाने पान सव्वीस काढलं. पिणाऱ्याची खरी परीक्षा अशी की तो स्वतःचं रक्त काढू शकत नाही. "तुमी पयले सोताचं बोट टोचा," ती म्हणाली. आणि मी थांबले. माझा थांबणारा हात सगळ्यांनी पाहिला. "काहून भेता मॅडम? एकच तं थेंब हाय." हे वाक्य मी रोज वीस-तीस जणांना म्हणते.

का थांबले ते तुलाच लिहिता येईल. बाळकाका नऊ वर्षांचा असताना गेला. तुम्ही सगळे सांगता, त्याला थंडीत सांधे दुखायचे, डोळे पिवळे व्हायचे, पोट फुगायचं, आणि एकदा ताप आला तो उतरलाच नाही. ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात फळ्यावर लक्षणं लिहिली तेव्हा ती मी वहीत उतरवून घेतली नाहीत, पाठ होती. आपल्या घरात म्हणतात, तो रोग आपल्यात नसतो. मीही तसंच धरून चालले, चालणं सोयीचं होतं. कर्मचाऱ्यांच्या तपासणीचा तक्ता आला तेव्हा माझ्या नावासमोर मी 'झाली, निर्दोष' असं लिहिलं. तपासणी केली नव्हती. गेल्या दोन वर्षांत मी लिहिलेली ती एकच खोटी नोंद.

मी बोट टोचलं. थेंब द्रावणात टाकला, पाच मिनिटं लावली. ट्यूबच्या मागे रेघांचं कार्ड धरायचं असतं. रेघा दिसल्या तर रक्त ठीक, द्रावण गढुळून रेघा झाकल्या तर सिकलसेल रक्तात आहे. कार्ड बॅगेत होतं आणि बॅग नागोरावांकडे थांब्यावर. म्हणून प्रेरणाने तेच पान ट्यूबच्या मागे धरलं. माझं अक्षर बारीक असलं तरी ठसठशीत आहे. मी बघत नव्हते, तिच्या तोंडाकडे बघत होते. ती वाकून, डोळे बारीक करून म्हणाली, "काहीच दिसून नाही राह्यलं."

गच्चीवरच्या मुली उठून उभ्या राहिल्या. थेंब निघाला खरा, पण त्यामागची अक्षरं नाहीशी झाली, तेव्हा त्यांच्या हिशेबाने हा गुन्हा सिद्ध झाला होता. माझ्या हिशेबाने दुसरंच काही. मी खाली, शाळेच्या पायरीवर बसले आणि सूचनेत छापलेलं सोडून, जे खरं होतं ते सांगितलं: काकाचं, तक्त्याचं, आणि हेही की एवढ्यावरून मी आजारी आहे की नुसती वाहक ते ठरत नाही, शिरेतून दोन मिली काढून यवतमाळला पाठवावं लागेल. पट्टा दातांनी ओढून ते दोन मिली मी त्यांच्यासमोरच काढले. एक म्हातारी म्हणाली, "पोरीले पाणी द्या रे कोनी." मग प्रेरणाने विळा पायरीवर ठेवला आणि बोट पुढे केलं. तिचे गुडघे दर हिवाळ्यात दुखतात, असं ती इतकं हळू म्हणाली की फक्त मला ऐकू आलं. तिचा निकाल काय आला ते मी तुला सांगणार नाही. तो तिचा आहे. त्या दिवशी एकसष्ट नमुने झाले. राळेगाव तालुक्यात एका गावात एका दिवशी इतके कधी झाले नाहीत. वरिष्ठांनी माझं अभिनंदन केलं आणि त्याच सहीने तक्त्यातल्या नोंदीचा लेखी खुलासा मागितला.

एवढंच. उशीर त्यामुळे झाला. प्रकृती ठीक आहे, गांध्या उतरल्या.

फरशी वाळली आहे, तेव्हा तो नमस्कार आता खरोखरचा धर.

तुझी,
शाल्मली

ता. क. स्पृहाला रागावू नकोस. चौतीस पानं गावाने परत दिली नाहीत. पुढची केव्हा येतील, असं प्रेरणाने नागोरावांकरवी दोनदा विचारलं आहे.

ता. क. २. वाचून पाहिलं तर हो की नाही हे लिहायचं राहिलंच. माझा रिपोर्ट काल आला. वाहक. म्हणजे मला स्वतःला काही त्रास नाही आणि होणारही नाही. पण बाळकाकाला तो आजार होता, तर आजी आणि आजोबा दोघंही वाहक होते. तेव्हा तू वाहक असण्याची शक्यता तीनात दोन आहे आणि सलीलची तीनात एक. आम्ही दोघंही निघालो तर प्रत्येक मुलामागे चारात एक बाळकाका. या शुक्रवारी सलीलला घेऊन जिल्ह्याच्या दवाखान्यात ये. उपाशी यायची गरज नाही. आधी तू बोट दे, म्हणजे तो देईल.

ता. क. ३. त्याची ट्यूब स्वच्छ निघाली तर माझं उत्तर हो आहे. ते दोन वर्षांपासून हो आहे. मला कोणी विचारलं नव्हतं. शुक्रवारी मी रजा टाकली आहे, पण आत येणार नाही, बाहेर बाकावर बसेन. निकाल त्यानेच येऊन सांगावा. स्वच्छ नसेल तर त्याने काही बोलू नये, नुसतं मला बस स्टँडपर्यंत सोडावं.