पौषातली थंडी

मुक्काम जुन्नर

जुलेखाच्या अब्बांना नूरबीचा सलाम.

तुमच्यासंगं उंट हाकणारे रहमतुल्लाभाई ऑस्ट्रेलियाहून परत आले. तुमच्या अम्मीसमोर बसून म्हणाले, "पौषात थंडी बाधली अन् बदरुद्दीन गेला. नदीकाठी मीच माती दिली."

सगळी रडली. मीबी रडाया लागले अन् मधीच थांबले.

तुमीच कळवलं व्हतं ना, तिथं पौषात उन्हाळा असतो, पाखरं तडफडून झाडाखाली पडतात? झाडं पानं न्हाई, साल टाकतात. नदीत नुसती वाळू. सोनं सापडलं म्हणून गाव वसलं, सोनं सरलं तशी दुकानं बंद पडली. कुकडीवर धुणं धुताना मी हे सगळ्या बायांना सांगायची.

मग थंडी कुठून आली? भाईंना विचारलं, तर खाली बघत म्हणाले, "पौष म्हणजे थंडीच की, भाभी."

अम्मी म्हणतात, आता इद्दतीला बस, नवरा गेल्यावर बसतात तशी. एका हातातल्या बांगड्या त्यांनी काढल्या. दुसरा हात मी मागं घेतला. काय खरं, काय खोटं, मला काहीच उमगंना.

तुमी गेला असाल तर मला धड रडता तरी येईल. पण भाई खोटं बोलत असतील, तर तुमी जिते आहात. मग त्यांना असं सांगाया लावलं कुणी?

म्हणून हे पत्र टाकत न्हाई. उत्तर आलं तर मी काय करू?

अजून तरी तुमचीच,
नूरबी