गाळलेला धडा

सोमवार, ९ मार्च

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार, छोट्याला गोड पापा. आम्ही बरे आहोत. 'आम्ही' म्हणजे मी आणि आप्पा. तू विचारणार नाहीस, म्हणून आधीच सांगून टाकते. फोनवर त्यांचं नाव निघालं की तुझ्याकडची रेंज जाते, म्हणून हल्ली मी पत्रच लिहिते.

शाळेची बातमी अशी, की चौथीच्या पुस्तकात ज्वालामुखीचा धडा आला आणि हेडसरांनी मला ऑफिसात बोलावलं. म्हणाले, "बाई, यंदा तेवढा एक गाळा."

मी म्हटलं, "सर, वर्गाच्या खिडकीतून दिसतोय तो."

"म्हणूनच तर म्हणतो."

त्यांचंही अगदीच चूक नाही. डोंगर धूर सोडायला लागल्यापासून पालक रोज येऊन त्यांचं डोकं खातात. पण मला सांग, वाळवंट शिकवलं, बर्फाळ प्रदेश शिकवला, जे यातल्या एकाही पोरानं पाहिलेलं नाही. आणि जो रोज मान वर केली की समोर उभा असतो, तो तेवढा गाळायचा? मी "बरं" म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी शिकवला. तुला माहीत आहे, माझं "बरं" कसं असतं ते.

मातीचा डोंगर केला, त्याच्या पोटात बाटली पुरली, तिच्यात खाण्याचा सोडा आणि लाल रंग, आणि वरून व्हिनेगर ओतलं. लाल फेस फसफसत खाली आला, तशी सगळी पोरं बाकांवर चढली. "पुन्हा, बाई, पुन्हा!" फक्त एक मुलगी जागची हलली नाही. ती इतके प्रश्न विचारते की वर्गानं तिचं नावच 'प्रश्नचिन्ह' ठेवलंय. तिनं पुढे येऊन फेसात बोट बुडवलं.

"बाई, हा थंड आहे."

"हो."

"मग हा खोटा आहे. खरा कसा असतो ते सांगा ना."

मग काय, सगळ्यांना मैदानात नेलं. सोड्याची बंद बाटली गदागदा हलवली आणि झाकण उघडलं. पहिल्या रांगेतल्या पोरांचे शर्ट भिजले. म्हटलं, आता ऐका. जमिनीखाली खूप खोल दगडसुद्धा वितळतो, त्याचा दाट रस होतो. त्याला शिलारस म्हणायचं. या बाटलीत जसा वायू कोंडलेला होता, तसा त्या रसातही असतो. रस वर सरकायला लागला की वरचं दडपण कमी होतं, वायू फुगतो, वाट शोधतो. वाट मोकळी असेल तर रस नुसता ओघळतो. वाट तुंबलेली असेल, तर डोंगराचं झाकण उडतं.

"आपल्या डोंगराची वाट तुंबलेली आहे का?" अर्थातच प्रश्नचिन्ह.

मी इकडेतिकडे पाहिलं. हेडसर नव्हते. "मला माहीत नाही," मी म्हणाले. "ज्यांनी वर यंत्रं बसवलीत, त्यांनाही नक्की दिवस सांगता येत नाही. पण एक कबूल करते, डोंगराबद्दल मी तुम्हाला कधी खोटं सांगणार नाही."

मग जे पुस्तकात नाही तेही शिकवलं. वरून पडते ती चुलीतली राख नसते, दगडाचा भुगा असतो. डोळे चोळायचे नाहीत. रुमाल ओला करून नाकावर बांधायचा. नदीच्या पात्राकडे जायचं नाही, कारण चिखलाचा लोंढा तिथूनच येतो. आणि निघा म्हटलं की निघायचं, दप्तरासाठी मागे फिरायचं नाही. "कंपासपेटीसाठी?" एकानं विचारलं. म्हटलं, कंपासपेटीसाठीही नाही. त्याला ते फार लागलं.

थांब, भांडी वाजताहेत.

थांबली. हे असं दिवसातून कितीदा तरी होतं. मी उठते, दाराशी जाते, परत येते. आप्पा खुर्चीतून हलतसुद्धा नाहीत. मला म्हणतात, "बस की जरा. तू हललीस की जास्त हादरतं."

तुझी,
धाकटी


शनिवार, १४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार वगैरे.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. एका जागी बसवत नाही. काल हेडसरांनी झापलं. धडा ऐकून घरी गेलेल्या एका पोरानं आजीला चालू टीव्हीसमोरून उठवलं आणि ओला रुमाल बांधायला लावला, तिची मालिका बुडाली, म्हणून पालक भांडायला आले. सर ओरडून दमले आणि मग खाली बघत म्हणाले, "बाकीच्या वर्गांनाही शिकवाल का?" म्हणजे बघ.

आता पहिलीपासून सगळे माझ्याकडे येतात. पहिलीला मी दुधाचं सांगते. दूध उतू जातं, तसं. पहिलीतला एक जण म्हणाला, "मग खालचा गॅस बंद करा ना."

वरच्या गल्ल्यांना सूचना आलीय. सामान बांधून ठेवा, भोंगा झाला की बसमध्ये बसा. वरच्या गल्ल्या म्हणजे आपलीही आलीच. मी दोन पिशव्या भरल्या. आप्पांनी त्यांची पिशवी रिकामी केली आणि कपडे पुन्हा घडी घालून कपाटात ठेवले.

"आप्पा, असं काय करता?"

"जन्मभर बस चालवली मी. लोकांना घेऊन गेलो. मला कुणी घेऊन जायचं नाही."

"अहो, पण डोंगर..."

"माझ्या आजोबांच्या वेळेलाही गुरगुरला होता. भुंकणारा कुत्रा आहे तो."

मी वाद घातला, रडले, जेवले नाही. ते शांतपणे माझंही ताट वाढून माझ्यासमोर ठेवत होते. त्यांचा हट्ट तुला मी काय सांगायचा? तुझ्या लग्नाला ते आले नाहीत ते नाहीतच, आणि तू त्यानंतर या घराची पायरी चढली नाहीस ती नाहीसच. दोघंही एकाच दगडातून काढलेले. मधल्या मध्ये मी आहे, इकडचं तिकडे सांगणारी. तेही आता कुणी सांगायला देत नाही.

एकदा वाटलं तुला म्हणावं, तूच त्यांना एक फोन कर. तुझं ऐकतील की काय कोण जाणे.

जाऊ दे. म्हटलं नाही असं समज.

तुझी,
धाकटी


मंगळवार, ३१ मार्च

प्रिय ताई,

आम्ही दोघंही सुखरूप आहोत. इथल्या मदत केंद्रातून कुणाकडून तरी तुला निरोप पाठवला होता, तो मिळाला असेलच. तुझे फोनही आले होते. मी उचलले नाहीत. का, ते सांगते. आधी बाकीचं सांगू दे.

आम्ही सध्या खालच्या शहरात आहोत, धान्याच्या एका मोठ्या गोदामात. ताडपत्र्या आडव्या लावून खोल्या केल्यात. शाळाही इथेच भरते. फळा नाही, म्हणून शटरवर खडूनं लिहिते. कुणी शटर वर केलं की धडा गुंडाळला जातो. पोरं खिदळतात. खिदळतात हे बरं.

डोंगर फुटला त्या दिवशी मी चौथीच्या वर्गावर होते. आधी खिडकीच्या काचा थरथरल्या, मग असा आवाज आला की तो कानात नाही, पोटात ऐकू आला. भोंगा त्यानंतर. मी काही बोलायच्या आत पोरं पाण्याच्या बाटल्या रुमालांवर ओतत होती. ताई, एकही रडलं नाही. जोड्या करून, हात धरून बाहेर आली. कंपासपेटीवाल्यानं दारात थबकून एकदा मागे पाहिलं फक्त. हेडसर पोरांना बसमध्ये चढवताना सारखे मोजत होते, चुकत होते, पुन्हा मोजत होते. दिवसाढवळ्या अंधारून आलं आणि पत्र्यावर वाळू ओतावी तसा तो भुगा पडायला लागला.

आमच्या शाळेच्या बसला वरच्या गल्लीच्या तोंडाशी उरलेली माणसं घ्यायची होती. ड्रायव्हर म्हणाला, "इंजिन बंद करणार नाही. पळत जा, पळत या." मी आप्पांसाठी पळाले.

ते खुर्चीत बसले होते. दार उघडं, डोळ्यांवर चष्मा, चष्म्यावर राखाडी थर. मी हात धरून ओढलं. त्यांनी खुर्चीचा हात धरला. मी काय काय बोलले आठवत नाही. हात जोडले, शिव्याही दिल्या असतील. ते एवढंच म्हणाले, "तू जा. पोरं थांबलीत तुझी." खाली हॉर्न वाजत होता, पुन्हा पुन्हा.

आणि मी म्हणाले, "ताई आलीय."

त्यांनी वर पाहिलं.

"खाली बसमध्ये बसलीय. तुम्हाला न्यायला आलीय."

ताई, ते उठले. ज्यांना मी खुर्चीसकट हलवू शकले नव्हते, ते आपणहून उठले. भिंतीवरच्या खुंटीचा शर्ट काढून अंगातल्या शर्टावरच घातला. बटणं लावताना विचारलं, "पोरगा आहे बरोबर?"

मी "आहे" म्हणाले.

बसमध्ये चढल्यावर ते सगळ्या बाकांवरून नजर फिरवत राहिले. मी म्हटलं, पुढच्या बसमध्ये बसवलं तिला, इथे जागा नव्हती. एका खोट्याला दुसरं खोटं टेकू म्हणून लावत गेले. ड्रायव्हरनं वळणावर गिअर खराब टाकला तरी ते काही बोलले नाहीत. इतर वेळी ते त्याला उठवून स्वतः बसले असते. प्रश्नचिन्ह आमच्या मागच्याच बाकावर होती. ओल्या रुमालातून तिनं माझ्या कानाशी विचारलं, "बाई, तुमच्या ताई कुठंयत? मी तर कुणाला बघितलं नाही."

"यायच्या आहेत," मी म्हणाले.

"मग आजोबांना 'आल्यात' असं का सांगितलं?"

मी तिचा रुमाल नीट बांधल्यासारखं केलं. बाहेर काही दिसत नव्हतं. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "मी नाही सांगणार त्यांना." माझ्या विद्यार्थिनीला मी पहिल्यांदाच काही लपवायला शिकवलं.

आपली गल्ली राहिली नाही. घरही नाही. नदीच्या बाजूनं चिखल आला आणि वर राख पडली. तिथं जाऊन आलेल्यांनी सांगितलं, की नुसतं सपाट आहे, आधी काही होतं असं वाटतच नाही. हे लिहायला मला इतके दिवस लागले. तिथं तुझंही बरंच काही होतं, मला माहीत आहे.

पण फोन त्यासाठी टाळले नाहीत. आप्पा माझ्या शेजारी असायचे. तुझा आवाज ऐकला असता तर विचारलं असतं, कुठल्या गोदामात आहेस? इथे आल्यापासून ते रोज गेटवर जाऊन उभे राहतात. बस आली की ड्रायव्हरशी बोलतात, जुन्या सवयीनं, आणि बोलता बोलता आत डोकावतात. कधी म्हणायचे, "तिची बस दुसऱ्या शहराकडे वळवली असेल. होतं असं." माझ्यासाठी तेच कारणं शोधत होते. माझ्याच्यानं बघवेना. अन्न गोड लागेना. वर्गात साधी बेरीज चुकायला लागले.

परवा सकाळी सांगून टाकलं. ते दाढी करत होते. म्हटलं, "आप्पा, ताई आली नव्हती. तुम्ही उठावं म्हणून मी खोटं बोलले."

त्यांनी अर्धी दाढी झाल्यावर वस्तरा खाली ठेवला. तोंडावर साबण तसाच. रागावले असते तर बरं झालं असतं. दुपारी जेवले नाहीत. ताडपत्रीकडे तोंड करून पडून राहिले. मी शिकवायला गेले, अर्ध्यातून परत येऊन बघितलं, पुन्हा गेले, पुन्हा आले. शेवटी पोरंच म्हणाली, "बाई, तुम्ही बसा, आम्ही आमचं वाचतो."

संध्याकाळी बस यायच्या वेळेला ते उठले. उरलेली दाढी केली. तोच शर्ट घातला आणि गेटकडे निघाले. मी मागे धावले.

"आप्पा, आता कशाला? सांगितलं ना, ती आली नव्हती."

ते थांबले. मागे वळले नाहीत.

"आली नव्हती म्हणालीस," ते म्हणाले. "येणार नाही, असं कुठं म्हणालीस?"

आणि गेले. बस आली, माणसं उतरली, आप्पांनी आत डोकावून पाहिलं आणि परत आले. काल पुन्हा तेच. आजही, मी हे लिहितेय तेव्हा, गेटवर आहेत. इथून त्यांची पाठ दिसते.

मी त्यांच्या वतीनं काही लिहीत नाही. त्यांनी मला काही लिहायला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाहीत. तुझ्या नावानं मी एकदा बोलले तेवढं पुरे झालं. त्यांनी जे विचारलं त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, एवढंच तुला कळवते.

बस रोज संध्याकाळी येते.

तुझी वाट बघणाऱ्यांपैकी,
धाकटी